हँडल बसले, पण धरले का?

खेड्यात आता फटफटी पुष्कळ झाल्या. तरी सायकल गेलेली नाही. मुले-मुली सायकलवरून शाळेला जातात. कोणी किटल्या लावून डेअरीवर दूध घालायला जातो. कोणी शेतावर जातो, कोणी बाजाराला. सायकलीला पेट्रोल लागत नाही. बिघडली तर झाडाच्या सावलीत बसूनही दुरुस्त होते.

दुरुस्तीची एक रीत आपल्याकडे सगळीकडे दिसते. एका सायकलीची फ्रेम घ्यायची, दुसरीचे चाक घ्यायचे, तिसरीचे हँडल घ्यायचे. भंगारातून, जुन्या बाजारातून भाग आणायचे आणि त्यांची एक चालती सायकल करायची. यात वाईट काहीच नाही. पैसा वाचतो. चांगली वस्तू फुकट जात नाही. सीट दुसरीची असली, कॅरिअर दुसरीचे असले, तर फारसे बिघडत नाही.

हँडलचे मात्र तसे नाही. हँडल म्हणजे सायकलीचा कासरा. चालत्या गाडीत कासरा तुटला तर काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. उतारावर हँडल फिरले किंवा मोडले तर माणूस तोंडावर पडतो. दात जातात, जबडा मोडतो, डोक्याला मार लागतो. सायकलवर पुढे पोर बसलेले असेल तर त्याचे हाल आणखी.

म्हणून या पाठात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. दोन वेगळ्या सायकलींचे हँडलचे भाग एकमेकांत बसवायचे झाले, तर काय पाहायचे आणि कसे बसवायचे?

आधी भाग ओळखू या

हँडलपाशी मुख्य भाग तीन.

पहिला भाग म्हणजे हँडलची आडवी नळी. तिच्या दोन टोकांना मुठी असतात.

दुसरा भाग म्हणजे चिमटा. तो पुढचे चाक धरतो. चिमट्याला वरच्या बाजूस एक उभी नळी असते. ती फ्रेमच्या तोंडातून वर येते.

तिसरा भाग या दोघांना जोडतो. त्याला स्टेम म्हणतात. स्टेम एका टोकाने हँडल पकडते आणि दुसऱ्या टोकाने चिमट्याच्या नळीत घट्ट बसते.

जुनी काळी सायकल पाहा. तिच्यात हँडल आणि स्टेम कारखान्यातच जोडून एक केलेले असते. तेव्हा तिथे सांधा एकच. नव्या सरळ हँडलच्या सायकलीत स्टेम वेगळे असते. तिथे सांधे दोन. हँडल आणि स्टेम यांचा एक सांधा. स्टेम आणि चिमटा यांचा दुसरा. दोन्ही सांध्यांचे माप जुळले पाहिजे. एक जुळला आणि दुसरा चुकला, तर काम फुकट गेले.

मापे इतकी वेगळी का?

सायकल आपल्याकडे इंग्रजांच्या अमलात आली. तिची मापे इंचांत होती. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. कापड मीटरने आले, धान्य किलोने आले. पण सायकलीच्या धंद्यात इंच टिकून राहिला. आजही आपण २२ इंची सायकल, २४ इंची सायकल असेच म्हणतो. पुढे गिअरच्या सायकली आल्या, शर्यतीच्या सायकली आल्या. त्यांच्याबरोबर इतर देशांतली मापेही आली. आता एकाच भंगाराच्या ढिगात सगळ्या मापांचे भाग पडलेले असतात.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पाऊण इंच आणि त्यावर अर्धपाव, म्हणजे सात अष्टमांश इंच. त्याचे होतात २२.२ मिलिमीटर. हे दोन आकडे सायकलीत वारंवार येतात. ते ध्यानात ठेवा.

चिमट्याच्या नळीत जाणाऱ्या स्टेमची जाडी बहुतेक सायकलींत २२.२ असते. काही लहान मुलांच्या सायकलींत ती २१.१ असते. काही जाड नळीच्या चिमट्यांत ती २५.४ असते.

हँडलचा मधला भाग, जिथे स्टेम त्याला पकडते, तो चार मापांचा सापडतो. २२.२, २५.४, २६.० आणि ३१.८. शेवटचे जाड माप नव्या गिअरच्या सायकलींत येते. २६.० हे माप शर्यतीच्या वाकड्या हँडलांत येते.

आता नीट पाहा. २५.४ आणि २६.० यांत फरक किती? अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. जेमतेम नखाच्या जाडीचा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. हाताला कळत नाही. आणि घोटाळा इथेच होतो.

कागदाच्या पट्टीने माप काढा

गाडीच्या चाकाला धाव चढवायची असते, तेव्हा लोहार काय करतो? अंदाजाने धाव कापत नाही. आधी चाकाचा घेर मोजतो. आपणही तेच करायचे.

पातळ कागदाची एक सरळ पट्टी कापा. ती बोटभर रुंद असावी. हँडलच्या मधल्या भागावर ती घट्ट गुंडाळा. पट्टीचे टोक पट्टीवर चढेल. जिथे दोन पदर एकावर एक येतात, तिथे सुईने आरपार टोचा. मग पट्टी सोडून सपाट ठेवा. तिच्यावर दोन भोके दिसतील. या दोन भोकांतले अंतर मुलांच्या फूटपट्टीने मोजा. हा झाला नळीचा घेर.

आता खालचे आकडे पाहा.

घेर सुमारे ६६ मिलिमीटर आला, तर जाडी २१.१.
घेर सुमारे ७० आला, तर जाडी २२.२.
घेर सुमारे ८० आला, तर जाडी २५.४.
घेर जवळजवळ ८२ आला, तर जाडी २६.०.
घेर बरोबर १०० आला, तर जाडी ३१.८.

घेर हा जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. त्यामुळे जाडीतला नखाएवढा फरक घेरात जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो. तो फूटपट्टीवर स्पष्ट दिसतो. दोन वेळा मोजा. दोन्ही वेळा एकच आकडा आला तर तो खरा माना.

स्टेमचे भोक असे मोजता येत नाही. पुष्कळ स्टेमांवर माप कोरलेले असते. आधी ते शोधा. नसेल तर स्टेम घेऊन लेथवाल्याकडे जा. त्याच्याजवळ व्हर्निअर असतो. तो घटकेत भोक मोजून देईल. चिमट्याच्या नळीचे भोकही त्याच्याकडूनच मोजून घ्या.

आवळून माप जुळत नाही

समजा हँडल २५.४ चे आहे आणि स्टेम २६.० चे. हँडल आत सहज जाते. मग आपण म्हणतो, बसलं की! आवळून टाकू. बोल्ट आवळला जातो. स्टेमची फट मिटते. हँडल घट्ट वाटते. पण मोठ्या भोकात बारीक नळी सगळीकडून टेकत नाही. काही थोड्या जागीच टेकते. सारा भार त्या जागांवर येतो. सपाट रस्त्यावर काही होत नाही. एक दिवस खड्डा येतो, अंगाचा भार हातांवर येतो, आणि हँडल खाली फिरते.

आता उलटे पाहा. हँडल २६.० चे आणि स्टेम २५.४ चे. मग कोणी फटीत पेचकस घालून ती फाकवतो आणि हँडल ठोकून आत घालतो. हँडलवर ओरखडे पडतात. स्टेमचा कान ताणला जातो. त्या ओरखड्यापासून, त्या ताणलेल्या कानापासून बारीक चीर सुरू होते. ती रोज थोडी वाढते.

लोखंडी नळी बहुधा आधी वाकते. वाकताना आपल्याला सावध करते. अॅल्युमिनियमचे तसे नाही. ते पुष्कळदा सूचना न देता मोडते. हलक्या, पांढऱ्या धातूचे हँडल असेल तर ही गोष्ट विसरू नका.

सायकलवाला कधी म्हणेल, "काका, होतंय की! आवळून देतो." त्याला सांगा, "भाऊ, आवळण्याआधी माप पाहू." तोही कारागीर आहे. माप समोर ठेवले की तो तुमचे ऐकेल.

भर घालावी का?

कोणी ट्यूबचा तुकडा गुंडाळतो. कोणी चिंधी भरतो. कोणी पेयाच्या डब्याचा पत्रा कापून घालतो. हे तिन्ही टाळा.

रबर आणि चिंधी दाबली जातात आणि पुन्हा ढिली होतात. डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. २५.४ चे हँडल २६.० च्या स्टेममध्ये भरायला प्रत्येक बाजूला ०.३ मिलिमीटर भर लागते. म्हणजे पत्र्याचे तीन पदर झाले. पत्त्यांच्या कॅटातली पाने जशी एकमेकांवरून सरकतात, तसे हे पदर सरकतात.

बाजारात भरीची तयार नळी मिळते. २५.४ चे हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये धरायला ती केलेली असते. तिची जाडी ३.२ मिलिमीटर असते. ती एकसंध धातूची असते. तिला एक उभी फट असते. ती स्टेमच्या पुऱ्या रुंदीत बसते. अशी नळी घातली तर चालते. घरी केलेली भर चालत नाही.

पाचर कशी धरते?

आता दुसरा सांधा पाहू. स्टेम चिमट्याच्या नळीत जाते. तिथे ते कसे धरते?

कुऱ्हाडीच्या दांड्यात आपण पाचर मारतो. पाचर आत गेली की लाकूड फुगते आणि कुऱ्हाड घट्ट होते. स्टेममध्येही हीच युक्ती आहे. स्टेमच्या आतून एक लांब बोल्ट जातो. त्याच्या खालच्या टोकाला धातूची पाचर असते. वरून बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते. ती नळीला आतून दाबते आणि स्टेम घट्ट होते.

पाचर चांगली धरायची तर दोन गोष्टी हव्यात.

एक, माप जुळले पाहिजे. २१.१ चे स्टेम २२.२ च्या नळीत सहज जाते. पाचर त्याला कसेबसे धरतेही. पण वरच्या बाजूला स्टेम मोकळे राहते. ते रोज थोडे हलते, आणि शेवटी सुटते.

दोन, स्टेम पुरेसे खोल गेले पाहिजे. स्टेमवर बारीक रेघांची एक खूण असते. ती खूण नळीच्या आत गेली पाहिजे. बाहेर दिसता कामा नये. जुन्या हँडलवर खूण पुसलेली असेल तर स्वतः मोजा. निदान अडीच इंच, म्हणजे सुमारे ६४ मिलिमीटर, स्टेम आत असावे.

उंच माणसाला हँडल वर हवे असते. मग तो स्टेम वर ओढतो. पण चिमट्याच्या नळीला वरच्या भागात बाहेरून आटे पाडलेले असतात. आट्यांमुळे ती तिथे पातळ झालेली असते. पाचर त्या जागी दाबली तर नळीलाच चीर जाते. हँडल उंच हवे असेल तर लांब स्टेम घ्या. आखूड स्टेम ओढून लांब होत नाही.

गिअरच्या सायकलीचे स्टेम

नव्या गिअरच्या सायकलींत पुष्कळदा पाचर नसते. तिथे स्टेम चिमट्याच्या नळीला बाहेरून कवटाळते. ही नळी बहुधा २८.६ मिलिमीटर जाड असते आणि तिला आटे नसतात.

असे स्टेम काळ्या सायकलीच्या चिमट्याला थेट लावू नका. त्यासाठी एक जोडनळी मिळते. तिचे खालचे टोक २२.२ चे असते. ते पाचरीने आत बसते. वरचे टोक २८.६ चे असते. त्यावर नवे स्टेम बसते. या जोडनळीवरही खोलीची खूण असते. तीही आत गेली पाहिजे.

मूळ गिअरच्या सायकलीवर काम करताना आणखी एक सांभाळा. स्टेम काढले की चिमटा खाली निसटतो. चाक जमिनीवर टेकवूनच स्टेम काढा. बसवताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी हलका आवळा. तो फक्त छऱ्यांची ढिलाई काढतो. हँडल खरे धरतात ते बाजूचे दोन बोल्ट. ते मागून आवळा. टोपीचा बोल्ट आवळून बाजूचे बोल्ट विसरलात, तर चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे जाईल.

हँडल बदलले, पण ब्रेक?

काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात. ब्रेकचा दांडा हँडललाच जोडलेला असतो. तो सळई वर ओढतो. ब्रेकची रबरे रिमला आतल्या बाजूने घासतात.

तरुण मुलांना हे हँडल जुनाट वाटते. ती ते काढून सरळ हँडल लावतात. हँडलबरोबर ब्रेकचा दांडाही निघून जातो. मग सायकल ब्रेकावाचून धावते आणि पाय घासून थांबवावी लागते. हे फार धोक्याचे आहे.

तुम्ही म्हणाल, तारेचे ब्रेक लावू. ते रिमच्या बाजूला चिमटा घेतात. त्यासाठी रिमची बाजू सपाट लागते. सळईच्या ब्रेकचा रिम बाजूने गोलसर असतो. त्यावर तारेचे ब्रेक नीट धरत नाहीत. म्हणजे हँडल बदलायचे तर ब्रेक बदलावे लागतात. ब्रेक बदलायचे तर रिमही बदलावा लागतो. हा सगळा खर्च आधी मांडा. परवडत नसेल तर जुनेच हँडल बरे.

बसवण्याची रीत

जुने स्टेम काढताना लांब बोल्ट तीन-चार फेरे ढिला करा. पुरता काढू नका. त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलके ठोका. पाचर सुटेल आणि स्टेम वर निघेल.

सगळे भाग पुसा. गंज घासून काढा. उजेडात धरून चीर आहे का पाहा. स्टेम जिथे पकडते त्या जागेच्या दोन्ही कडा विशेष पाहा. चीर दिसली तर तो भाग टाकून द्या. वेल्डिंग मारून घेऊ नका. वाकलेले हँडल ठोकून सरळ करू नका. असे भाग पुन्हा तिथेच मोडतात.

चिमट्याच्या नळीत जाणाऱ्या भागाला ग्रीसचा पातळ हात द्या. नाही तर पुढे स्टेम गंजून आत अडकते. हँडलच्या पकडीची जागा मात्र कोरडी ठेवा.

बोल्ट जोरात आवळला म्हणजे काम चांगले झाले असे नाही. पाचरीच्या बोल्टाला वीतभरापेक्षा थोडा आखूड पाना पुरतो. एका हाताचा खणखणीत जोर द्या. पान्यावर पाय देऊ नका. पान्याला नळी लावून तो लांब करू नका. स्टेमच्या तोंडाला चार छोटे बोल्ट असतील तर ते थोडे थोडे, समोरासमोरचे असे आवळा. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. त्यांना साधारण ५ न्यूटन-मीटर जोर लागतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब चावीच्या टोकावर सुमारे ५ किलोचा भार.

रस्त्यावर नेण्याआधी

हँडलसमोर उभे राहा. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरा. हँडल डावीकडे-उजवीकडे पिळा. चाक हलल्याशिवाय हँडल फिरता कामा नये.

मग दोन्ही मुठींवर अंगाचा भार टाका. हँडल खाली फिरता कामा नये.

हँडल पूर्ण डावीकडे वळवा, पूर्ण उजवीकडे वळवा. ब्रेकची तार ताणली जाते का पाहा. ताणली गेली तर लांब तार घ्या.

हँडलची टोके उघडी ठेवू नका. पडताना उघडी नळी पोटात घुसते. मुलांना तर फार मोठी इजा होते. टोकांना मुठी किंवा बुचे हवीतच.

शेवटी स्टेम आणि हँडल यांच्यावरून एकच खडूची रेघ ओढा. गल्लीत हळूहळू एक फेरी मारा. परत येऊन रेघ पाहा. रेघ तुटली असेल तर हँडल सरकले आहे. सायकल बाहेर नेऊ नका. पुन्हा माप पाहा. रेघ सलग असेल तर निर्धास्त जा. आठवड्याने बोल्ट एकदा तपासा. पुढे महिन्यातून एकदा तपासा. हँडलला दुधाच्या किटल्या अडकवत असाल तर दर आठवड्याला तपासा.

ध्यानात ठेवा

आत गेले म्हणजे धरले असे नाही.
आधी माप, मग पाना.
खोलीची खूण आत गेली पाहिजे.
घरची भर घालू नका.
हँडल बदलाल तर ब्रेकचा विचार आधी करा.
चीर पडलेला भाग भंगारातच शोभतो.

एक कागदाची पट्टी, एक सुई आणि एक फूटपट्टी. एवढ्यावर नळीचा घेर कळतो. आकडे तर तुम्ही आता वाचू शकता. मग मोजल्याशिवाय हँडल बसवायचे कशाला?